आम्ही जिंकलो, ते हरले

खेळातलं माझं कर्तृत्व सांगायचं तर शाळेत लंगडीच्या डावात मी सगळ्यांत आधी बाद होत असे. असा मी २०१९ साली विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेतून पुण्याहून एका सत्रासाठी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला गेलो. माझ्या बदल्यात तिकडून इकडे कोण आलं ते कळलं नाही, पण फायद्यात कोण राहिलं याविषयी मला शंका नाही.

तिथल्या विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान १९२७ सालचं. आसनं एक लाख सात हजारांहून जास्त! सामन्याच्या शनिवारी सकाळपासून मोटारींची मागची दारं उघडून शेगड्या पेटतात. गाव निळं-पिवळं होतं. त्यातल्या पिवळ्याला 'मका' म्हणतात, हे ऐकून मला फार घरच्यासारखं वाटलं. हा फुटबॉल मुख्यतः हातानं खेळतात, एवढंच ज्ञान मला झालं होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात मी निळा शर्ट विकत घेतला आणि आईला फोन केला, "आम्ही जिंकलो!"

"अगंबाई, तू खेळलास?"

"नाही गं, मी ओरडलो."

मग ३० नोव्हेंबर उजाडला. परंपरागत वैरी ओहायो स्टेट आमच्याच मैदानावर आले आणि ५६-२७ असे जिंकून गेले. सोमवारी मी राखाडी स्वेटर घातला आणि भेटेल त्याला सांगितलं, "ते हरले."

या माझ्या लबाडीचा शोध मानसशास्त्रज्ञांनी मी जन्मण्यापूर्वीच लावून ठेवला होता. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिलं, की संघ जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसतात, आणि विद्यार्थी 'आम्ही' जास्त म्हणतात. म्हणजे लबाडीतसुद्धा मी पहिला नव्हतो.

त्याच सोमवारी संख्याशास्त्राच्या वर्गात शेजारच्या बाकावर संघातला एक राखीव खेळाडू कुबड्या टेकून बसला होता. सरावात त्याचा गुडघा गेला होता. मी म्हटलं, "वाईट झालं, तुम्ही हरलात." त्यानं माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "शनिवारी सकाळपर्यंत तर 'वी' होतं."

इंग्रजीत एकच 'वी'. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' बढाईला बरा पडतो. 'आपण' म्हटलं की वाटणी आली, आणि वाटणीत गुडघाही येतो. त्यानं म्हटलेला 'वी' मला 'आपण' असाच ऐकू आला.

विजय सार्वजनिक असतो, गुडघा खाजगी. तेव्हाचा नियम तर आणखी गमतीचा होता. तिकीटं विकली जात, दूरचित्रवाणीचे करार होत, प्रशिक्षकाला कोट्यवधी मिळत. खेळणाऱ्या पोराला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे सहीचेही पैसे घ्यायची बंदी! ओहायो स्टेटच्याच पाच खेळाडूंना २०१० साली शिक्षा झाली, कारण त्यांनी आपली पदकं-कपडे विकले होते आणि स्वस्तात गोंदवून घेतलं होतं. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं, आणि २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. चांगलंच झालं. पण तो हिशेब विद्यापीठाचा मिटला. फुकट ओरडून 'आम्ही' म्हणून घेणाऱ्या माझा कसा मिटणार? मला वाटतं, हरल्याच्या सोमवारी जो शर्ट घालतो, त्यालाच जिंकल्याच्या शनिवारी तो शोभतो.

२०२१ च्या नोव्हेंबरात मिशिगननं ओहायो स्टेटला ४२-२७ असं हरवलं. पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी ट्रंकेतून निळा शर्ट बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा घडी घातली. खुडबुड ऐकून आई उठून आली.

"काय रे, जिंकलात वाटतं?"

"नाही गं," मी म्हटलं, "ते जिंकले."