कामतांचा एच-इंडेक्स

पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकाकडून शिवार चौकाकडे जाताना शाळा, शिकवण्या आणि समुपदेशन केंद्रांच्या पाट्या एकमेकींना खेटून दिसतात. मूल वाचताना अडखळतं, गणितात मागे पडतं, की शाळा सुचवते, 'एकदा टेस्ट करून घ्या.' हिंजवडीत नोकरी करणारे आईबाप रजा टाकून जातात आणि बुद्ध्यांक घेऊन येतात. तो ९२ असो की ६८, कोणत्या मुलांशी ताडून काढला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पुष्कळदा ती मुलं धारवाडकडची असतात, नव्वद वर्षांपूर्वीची. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४च्या सुमारास बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या हजारभर मुलांवर तपासून आपल्याकडे बसवली. ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. नागपुरात आर्थर मालिन यांनी १९६९मध्ये वेक्स्लर यांच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, तेही चालू आहे. किती मुलांची प्रमाणपत्रं, सवलती आणि शाळाप्रवेश या दोघांच्या कामावर ठरले असतील!

आणि आजच्या निवड समितीपुढे कामत उभे राहिले तर? समिती त्यांचा एच-इंडेक्स विचारेल. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५मध्ये सुचवलेलं हे माप सोपं आहे: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा निर्देशांक वीस. मुलाच्या प्रमाणपत्राला तळटीप नसते, त्यामुळे ते या हिशेबात येतच नाही.

उलट बाजू पाहा. हान्स आयझेंक १९९७मध्ये वारले तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांत सर्वाधिक संदर्भ दिले जाणारे म्हणून त्यांची ख्याती होती. विशिष्ट स्वभावाच्या माणसांना कर्करोग होतो, असं सांगणारे त्यांचे निबंधही त्यात होते. २०१९मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्यांच्या सहलेखनातले २६ निबंध भरवशाचे नाहीत, असा निर्वाळा दिला. तोवर त्यांचे संदर्भ सुखाने मोजले जात होते.

आपल्याकडे तर संदर्भापर्यंतही जावं लागत नाही, नुसती निबंधांची संख्या पुरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला गुण जोडले आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं फोफावली. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नावं एकदम वगळली. पुढची यादी औंधपलीकडच्या आपल्या पुणे विद्यापीठातून चालवली गेली आणि २०२५मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या आणि गेल्या, मोजण्याची हौस तशीच राहिली.

आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही. वशिला आणि जात पाहून होणाऱ्या नेमणुकांवर निबंधांची मोजदाद हा एक लगाम होता, तो काढून पुन्हा 'आपला माणूस' बसवायचा नाही. पण या मोजदादीमुळे कोणतं काम होतच नाही, ते पाहायला हवं. बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवलं, की पिढीगणिक चाचण्यांतले गुण वाढत जातात. म्हणजे ज्या मुलांशी ताडायचं त्यांच्यावरून ठरवलेले निकष जुने असतील तर मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो आणि मदतीची गरज असलेलं मूल रेषेच्या वर राहून सवलतीला मुकतं. नवे निकष बसवायचे तर गावोगावच्या शाळांत परवानग्या, हजारो मुलं, काही वर्षं. हाती येणार एक निबंध. त्यापेक्षा स्वतःच्याच वर्गातल्या शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटून 'ताण आणि समायोजन' यांचा सहसंबंध काढला की सहामाहीत काम होतं. तरुण प्राध्यापकाने काय निवडावं, सांगा! त्याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण हा सौदा त्याच्यापुढे आपणच ठेवला आहे.

तेव्हा बढतीच्या अर्जात निबंधांच्या यादीआधी एक रकाना हवा: तुमची कोणती चाचणी, कोणते निकष, कोणती पद्धत दवाखान्यांत आणि शाळांत वापरली जाते? जुन्या अभ्यासाची प्रामाणिक फेरतपासणी केली असेल तर तिलाही नव्या निबंधाइतकेच गुण मिळावेत. आणि पिंपळे सौदागरच्या पालकांनी फी भरण्याआधी समुपदेशकाला दोन प्रश्न विचारावेत: चाचणी कोणती, आणि तिचे निकष कोणत्या सालचे? उत्तर १९३४ आलं, तर चाचणी रद्द करा असं नव्हे. पण केवळ त्या आकड्यावर मुलाची शाळा बदलू नका.