एकट्याचे स्वातंत्र्य

मोटार स्वतःची आणि सोबत कोणी नाही. अशा प्रवाशास आपण सर्वस्वी स्वतंत्र आहोत असे वाटते. परंतु बाणकोटच्या खाडीवर वेसवीहून बागमांडल्यास फेरीबोटीने जावयाचे, तर मोटारीसह वाट पाहावीच लागते. पुढे हरिहरेश्वरी लाटांनी कोरलेल्या खडकांवरचा प्रदक्षिणामार्ग केवळ ओहोटीतच मोकळा असतो. भरतीतही तो हट्टाने तेथे उतरला, तर धोका त्याचा एकट्याचाच राहतो काय? त्याला काढण्यास पाण्यात उडी घेणाऱ्या कोळ्याचाही जीव त्यात गुंततो. कोहक्यासारख्या सागरापासून दूरच्या वस्तीतून, मोजक्या रजेत कोकण गाठणाऱ्या आपणांस ओहोटीसाठी थांबणे जड जाते, हे खरे. तथापि ज्याला थांबता येते तोच स्वतंत्र. इतरांना त्यांची घाईच हाकीत असते.