सुटीचा हक्क

शरदातील सुटीत वरूडचा माणूस वसईला समुद्र पाहावयास निघतो, तेव्हा त्याच्यामागे आंबिया बहाराची संत्री उतरू लागलेली असतात आणि कापसाची वेचणी चालू असते. अशा दिवसांत किनाऱ्यावर निरुद्देश हिंडणे योग्य आहे काय? आपण विश्रांतीला श्रमाची मजुरी मानतो. म्हणून सुटीतही ‘काय काय पाहिले’ याचा हिशेब देत राहतो. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, संत गोन्सालो गार्सिया याच गावचे, एवढे आठवून तेथील छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिरांत नुसते बसून राहिले, तर दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही.

उद्योग निवांतपणासाठी करावयाचा असतो, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. (त्याच्या समाजातील निवांतपणामागे गुलामांचे श्रम होते, हे त्याला खटकले नाही.) अनुवादाचा पाचवा अध्याय येथे मला अधिक सरस वाटतो. त्यात शब्बाथाची विश्रांती धन्याबरोबर दासदासींना, बैलाला आणि उपऱ्यालाही दिली आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचे जू उतरविणाऱ्या वऱ्हाडाला हे नवे नाही.

वसईच्या पाचूबंदरावर कोळणी बांबूंवर बोंबील वाळत घालतात. प्रवासी त्याला ‘देखावा’ म्हणतात. मला मात्र तेथे आपल्या वेचणाऱ्या बाया आठवतात. वेचणीची मजुरी किलोवर. खाडा झाला की पैसे नाहीत. मालकाने सुटीला निघताना त्यांनाही एक भरपगारी दिवस द्यावा. रक्कम कशी ठरवावी, असे कोणी विचारील. मागील आठवड्याच्या सरासरी वजनावर ठरवावी.