शंकासमाधान : मोकळीक मागणे म्हणजे पाठ दाखवणे का?

प्रश्न : मी पनवेल तालुक्यातला, लष्करात नायक आहे. वडिलांचे सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असते. आई थकली आहे, बहीण सासरी. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी सुट्टी अर्धवट टाकून युनिटवर गेलो. पुन्हा तशी वेळ आली आणि वडिलांसाठी मोकळीक मागितली, तर ते पाप ठरेल का?
— एक जवान

उत्तर : नाही. मागण्यात पाप नाही. न सांगता निघून जाणे किंवा खोटा दाखला जोडणे हे पाप आहे आणि गुन्हाही.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक आईवडिलांना न विचारता वेदाध्ययनासाठी घर सोडतो. मिथिलेचा धर्मव्याध त्याला स्वतःच्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा दाखवतो आणि घरी परत पाठवतो. पण तोच व्याध वाट्याला आलेला मांसविक्रीचा धंदाही सोडत नाही. दोन्ही कर्तव्ये तो उघडपणे सांभाळतो.

आपल्याच तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही, आणि आईची भेट कायमची राहून गेली. पुढे देशासाठी सर्वस्व देऊन १८८३ मध्ये एडनला प्राण सोडणाऱ्या या माणसालाही आईसाठी रजा मागण्यात कमीपणा वाटला नव्हता.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. तुम्ही आपणहून शपथ घेतली आहे, म्हणून तिचा मान मोठा. पण भर युद्धात सक्तीची भरती करणाऱ्या युक्रेनच्या कायद्यातही गंभीर अपंग आईवडिलांना सांभाळणाऱ्यासाठी सवलत आहे.

तेव्हा युद्धाची वाट पाहू नका, अर्ज आत्ताच करा. डायलिसिसचे कागद आणि घरात दुसरे करणारे कोणी नसल्याचा दाखला जोडून सीओ साहेबांकडे लेखी द्या. आधी घराजवळची कम्पॅशनेट पोस्टिंग मागा. स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सेवामुक्ती हा शेवटचा मार्ग. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आईला पाठवा, तिथे कुटुंबाला मार्गदर्शन मिळते.

अर्जाआधी वडिलांशी बोला. कौशिकाचे चुकले ते तिथेच.

आणि नकार आला तर अढी न धरता ड्युटीवर राहा. सोमवारी कोण, बुधवारी कोण, शुक्रवारी कोण, हे भावकीने आणि शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे. जवानाचा अभिमान बाळगणाऱ्या गावावर त्याच्या वडिलांना दवाखान्यात नेण्याचीही जबाबदारी आहे.