धिटाई कोणासाठी?



उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरांत नाट्य, गायन आणि नृत्याची शिबिरे भरतात. आपल्या पुलगावच्या पालकांनाही वाटते की, मुलाने अशा शिबिरात जावे, धीट व्हावे. पण त्याच वेळी मनात शंका येते : चारचौघांत मिरवण्याची चटक तर लागणार नाही ना?

ही शंका पोकळ नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, लावलेला दिवा झाकून ठेवू नये. लगेच सहाव्या अध्यायात तो बजावतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये. तिथे ढोंग्यांसाठी आलेला मूळ ग्रीक शब्द तर नटासाठी वापरला जाणारा शब्द आहे! मग मुलांना रंगमंचावर उभे करावे की नाही?

उत्तर दिव्यातच आहे. दिवा स्वतःला दाखवण्यासाठी लावत नाहीत. घरातल्यांना दिसावे म्हणून लावतात.

ठाणे शहरात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 2014 मध्ये 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. लोकवस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवल्या. 'तुम्ही कमी नाही' असे मुलांना नुसते सांगून भागत नाही. आपल्या वस्तीची गोष्ट लोक शांतपणे ऐकत आहेत, हे त्यांना अनुभवावे लागते. ती धिटाई मिरवण्याची नसते. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, या जाणिवेची असते.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे नवे नाही. संत जॉन बॉस्को लहानपणी दोरीवर चालून आणि कसरती करून गावकऱ्यांना रिझवत असत. त्या खेळाचे 'तिकीट' म्हणजे सर्वांनी मिळून म्हटलेली जपमाळ! पोप संत जॉन पॉल दुसरे तरुणपणी, 1941 पासून, नाझींच्या ताब्यातील क्राकुव शहरात मित्रांसह लोकांच्या घरांत गुपचूप नाट्यप्रयोग करीत. पकडले जाण्याचा धोका होता, प्रेक्षक मोजकेच. तिथे टाळ्यांचा मोह कसला? आपल्या लोकांची भाषा आणि आशा जिवंत ठेवायची होती.

तालमीत आणखी एक गोष्ट मूल शिकते. आपले वाक्य चुकले तर पुढच्याचे अडते. पडदा ओढणाऱ्याशिवाय राजाही प्रवेश करू शकत नाही. मोशेने आपल्याला नीट बोलता येत नसल्याचे सांगितले, तेव्हा परमेश्वराने त्याला फर्डा वक्ता बनवले नाही. सोबतीला भाऊ अहरोन दिला. खरा आत्मविश्वास 'मी सर्वांत पुढे' असे म्हणत नाही. 'माझी गरज आहे आणि मलाही इतरांची गरज आहे', हे तो ओळखतो.

म्हणून आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारावे. मिस्सेतील वाचन आणि नाताळच्या नाटिकेतील मुख्य भूमिका दरवेळी त्याच चुणचुणीत मुलांना देतो का? मागच्या बाकावरच्या अबोल मुलीला कधी विचारतो का? ती अडखळेल, कदाचित विसरेलही. तेवढा वेळ थांबणे हे आपले काम आहे.

आणि कार्यक्रमानंतर मूल घरी आले की, 'किती टाळ्या पडल्या?' असे विचारण्याऐवजी 'तू कोणाला सांभाळून घेतलेस?' असे विचारू या. त्या उत्तरावरून कळेल की आपल्या घरातला दिवा कोणासाठी जळतो आहे.