जमीन कोणाची, पीक कोणाचे

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत एक मार्मिक शंका काढली आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे. मग यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही देऊन टाकायची काय? उत्तर नकाराचे आहे, कारण पृथ्वी सगळ्यांचीच. भाष्यकार शबर सांगतो की माणसाची मालकी शेतावर चालते, अखिल भूमीवर नाही. राजाला रक्षणापोटी धान्याचा ठरलेला वाटा, इतकेच. यज्ञकर्माच्या या काथ्याकुटातून आजच्या शेतीलाही लागू पडणारा एक भेद हाती येतो: भूमीचे स्वामित्व वेगळे आणि पिकावरचा हक्क वेगळा. कसणाऱ्याचा हात चालतो तो पिकावरच्या हक्काच्या भरवशावर; स्वामित्व पुरे की अपुरे, हे त्यामानाने गौण.

चीनमध्ये १९७८ नंतर कम्यूनची शेते कुटुंबांना करारावर मिळाली. मालकी सामूहिकच राहिली, आजही आहे. ठरलेला हिस्सा भरून उरलेले धान्य मात्र घरचे झाले. तीस कोटी टनांच्या आसपासचे धान्योत्पादन १९८४ पर्यंत चाळीस कोटींवर गेले. सरकारने १९७९ मध्ये खरेदीचे भावही वाढवले होते, मग श्रेय एकट्या कराराला का, हा आक्षेप रास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ जस्टिन लिन यांनी १९९२ मध्ये ही कारणे सुटी करून पाहिली, तरी पिकांच्या वाढीतला जवळपास निम्मा भाग करारपद्धतीच्याच वाट्याला आला. पश्चिम बंगालमधल्या ऑपरेशन बर्गानेही बर्गादाराला, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्याला, मालक केले नाही. त्याचे नाव नोंदले, वाटा बांधून दिला, बेदखली रोखली. आणि उत्पादकता वाढल्याचे अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांना आढळले.

पण पुरी मालकी नसेल तर जमीन तारण कशी ठेवणार, भांडवल कुठून आणणार? अर्थशास्त्रज्ञ हर्नांडो डी सोटो यांचा भर याच मुद्द्यावर आहे. दख्खनने त्याची दुसरी बाजू भोगली आहे. रयतवारीत कुणब्याला जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क मिळाला आणि त्याच तारणावर सावकारी फोफावली. कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १८७५ मध्ये सुप्यापासून कर्जखते जाळण्याचे लोण पसरले. तारणाचा लाभ खोटा नव्हे, पण ज्याचे एक पीक बुडाले की सगळेच जाते, त्याला तो महागात पडतो.

भरवसा कागदावरूनच येतो असेही नाही. घानाच्या आक्वापीम भागात गोल्डस्टीन आणि उद्री या अर्थशास्त्रज्ञांनी पाहिले की गावात ज्यांचे वजन आहे ते निर्धास्तपणे जमीन पड ठेवतात, तिचा कस राखतात. वजन नसलेल्यांना, विशेषतः बायकांना, पड टाकलेला तुकडा दुसऱ्याच्या हाती जाण्याची धास्ती असते. म्हणून त्या पेरत राहतात, आणि त्यांचे उत्पन्न नवऱ्यांहून कमी येते.