‘स्वतः जाणणे’ म्हणजे काय? कालाम सुत्त आणि क जीवनसत्त्व

परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे, तर्काला पटते, सांगणारा मोठा माणूस आहे किंवा तो आपला गुरू आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मानू नये, असे कालाम सुत्त सांगते. ती हिताची की अहिताची हे स्वतः जाणावे आणि मग ती धरावी किंवा सोडावी. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथातले बुद्धांचे हे सुत्त केसपुत्त गावच्या कालाम लोकांना उद्देशून आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध घरांना ते जवळचे झाले. जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस विहार उभा राहिलेल्या कामठीतही हा वारसा जिवंत आहे. मात्र ‘स्वतः जाणणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सुटायला सोपा नाही. ‘मी गोळी घेतली आणि मला गुण आला’, हे जाणणे ठरते का?

सुत्ताचा मूळ विषय औषध नाही, आचरण आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांतून घडणाऱ्या कृतींचे फळ काय, हे कालामांना विचारले जाते. तरी हित आणि अहित ही तिथली कसोटी औषधालाही लागू पडते. ती लावून पाहायला क जीवनसत्त्व हे चांगले उदाहरण आहे, कारण त्याबद्दलची श्रद्धा मोठी आहे आणि पुरावाही भरपूर आहे.

त्यातला काही भाग निर्विवाद आहे. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून ते अन्नातूनच मिळावे लागते. ते फार काळ मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि जंतुसंसर्ग लवकर जडतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. त्यांत संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तद्रवाच्या कित्येक पट क जीवनसत्त्व स्वतःत साठवतात, हेही सिद्ध आहे. ते कमी पडले तर प्रतिकारशक्ती खालावते, याबद्दल शंका नाही.

वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. कमतरतेने हानी होते, म्हणून जास्त घेतल्याने लाभ होईल का? लायनस पॉलिंग यांनी १९७० च्या पुस्तकात ‘होय’ असे उत्तर दिले आणि रोज एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेण्याचा पुरस्कार केला. त्यांच्या नावावर १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे नोबेल होते. इतर प्राणी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात बनवतात, तेव्हा माणसाची खरी गरजही तेवढीच असणार, हा त्यांचा तर्कही मोहक होता. वक्त्याची थोरवी आणि पटणारा तर्क या दोन्ही गोष्टी सुत्ताने अपुऱ्या ठरवलेल्या आधारांत मोडतात.

मग अनुभवाचे काय? साधी सर्दी आठवडाभरात आपोआप ओसरते. तिसऱ्या दिवशी गोळी घेणाऱ्याला पाचव्या दिवशी बरे वाटले, तर श्रेय गोळीला जाते. गोळी घेतली नसती तर काय झाले असते, हे त्या एकट्याला कधीच कळू शकत नाही. त्यासाठी दुसरा गट लागतो. त्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णापासून व वैद्यापासून लपवावे लागते.

अशा २९ चाचण्यांचा, ११,३०६ जणांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. रोज गोळ्या घेऊनही सामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटले नाही. दुखण्याचा काळ प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी झाला. सात दिवसांच्या सर्दीत ८ टक्के म्हणजे जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांना खात्रीचा लाभ दिसला नाही. मात्र मॅरेथॉन धावपटू, बर्फावर स्की करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा ५९८ जणांत सर्दीचा धोका निम्म्यावर आला. अतिदक्षता विभागातले चित्र याच्या उलट निघाले. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना शिरेतून मोठी मात्रा दिली गेली. मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण त्यांच्यात ४४.५ टक्के होते, तर ती न दिलेल्यांत ३८.५ टक्के.

विनयपिटकात भिक्षूंना हिरडा, बेहडा, आवळा ही फळे औषध म्हणून जवळ बाळगण्याची मुभा आहे, पण कारण असेल तेव्हाच ती खावीत अशी अट आहे. पुरावाही गरजेकडेच बोट दाखवतो. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. एक पेरू ही गरज सहज भागवतो.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न सर्दीपुरता नाही. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक मानले जाणारे बाबू हरदास एल. एन. कामठीचेच. १९३९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. क्षयाविरुद्धची प्रतिकारशक्ती एका जीवनसत्त्वावर उभी राहत नाही. झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना सहा महिने पुरेसे धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिल्यावर त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये दिसून आले. भरल्या ताटाचे हे बळ कोणा एकाच्या प्रचीतीतून कळले नसते. हजारो माणसांची तुलना केली तेव्हा ते दिसले.

सुत्तातली कसोटी एकट्याच्या अनुभवापाशी थांबत नाही. सुज्ञ कशाची प्रशंसा करतात आणि कशाची निंदा करतात, हेही तिथे पाहायला सांगितले आहे. म्हणून ‘स्वतः जाणणे’ याचा अर्थ आपल्या प्रचीतीलाच प्रमाण मानणे असा होत नाही. ती प्रचीती इतरांच्या प्रचीतीशेजारी ठेवून तपासू देणे आणि ती चुकीची ठरली तर सोडून देणे, हाही त्या जाणण्याचाच भाग आहे.